पाळीच्या तारखेपासून माहेरच्या पिशवीपर्यंत: सीमाभागातल्या गरोदर बाईच्या तपासण्या

आमच्या खानापूर, बेळगाव, निपाणी पट्ट्यात सुनेला दिवस गेले की घरातली मोठी बाई पहिली ताकीद देते: तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, नजर लागते. शेजारणीला नका सांगू, माझी काही हरकत नाही. पण घरोघरी त्याचा अर्थ दवाखान्यातही जायचं नाही असा घेतला जातो, आणि घोटाळा तिथंच होतो. गरोदरपणातली सगळ्यात कडक मुदतीची तपासणी नेमकी तिसऱ्या महिन्याच्या शेवटी असते. ती हुकली तर पुढं तिच्याऐवजी दुसरं काहीतरी करून भागवावं लागतं.

मी डॉक्टर नाही. माझी दोन बाळंतपणं, धाकट्या जावेचं एक, आणि त्या निमित्तानं फाइल मांडीवर घेऊन दवाखान्यांच्या बाकांवर काढलेले तास, एवढ्यावर हे लिहितेय. औषध आणि उपचार तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे. कोणत्या आठवड्यात कुठं जायचं, काय विचारायचं आणि हातात आलेला कागद कसा वाचायचा, एवढंच इथं आहे.

आधी तारीख पक्की करा

डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, शेवटची पाळी कधी आली? आपल्याकडची उत्तरं ठरलेली: "नागपंचमीच्या आदल्या दिवशी", "यल्लम्माच्या जत्रेला जाता आलं नाही, तेव्हा". उत्तर चुकीचं नाही. फक्त भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्या सणाची तारीख बघा आणि कागदावर लिहून न्या. पाळी ज्या दिवशी सुरू झाली तो दिवस धरायचा, थांबली तो नव्हे.

गरोदरपण २८० दिवसांचं, म्हणजे ४० आठवड्यांचं धरतात. साधा हिशेब असा की पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. समजा पाळी १० जानेवारीला आली, तर बाळंतपणाची अंदाजे तारीख १७ ऑक्टोबर. याच हिशेबानं ११ आठवडे २८ मार्चला पूर्ण होतात आणि १३ आठवडे ६ दिवस १७ एप्रिलला. पहिल्या मोठ्या स्कॅनिंगची (सोनोग्राफीची) मुदत म्हणजे हे तीन आठवडे. दुसरं मोठं स्कॅनिंग १८ ते २० आठवड्यांत, म्हणजे १६ मे ते ३० मे. साखरेची दुसरी तपासणी २४ ते २८ आठवड्यांत, म्हणजे २७ जून ते २५ जुलै. तुमची तारीख घालून असाच हिशेब करा आणि कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करा. कणकुंबी, जांबोटीकडच्या बायांना वेगळं सांगायला नको, पण जून-जुलैतली तारीख असेल तर पाऊस आणि एस.टी. धरूनच दिवस ठरवा. शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

पाळी अनियमित असेल, किंवा पहिल्या मुलाला अंगावर पाजत असताना दिवस गेले असतील, तर पाळीवरून तारीख काढण्यात अर्थ नसतो. अशा वेळी सहा ते नऊ आठवड्यांच्या दरम्यानचं पहिलं छोटं स्कॅनिंग फार उपयोगी पडतं. गर्भ पिशवीतच आहे ना (नळीत राहिला तर जिवावर बेतू शकतं), ठोके लागलेत का, एक आहे की जुळं, आणि वय किती, हे त्यात समजतं. इतक्या लवकर कधी कधी खालून, योनिमार्गातून तपासतात. पुष्कळ जणी त्याला घाबरतात. गर्भाला त्यानं काही होत नाही, चित्र उलट जास्त स्पष्ट येतं. फक्त त्यासाठी लघवी करून जायचं. पोटावरून बघणार असतील तर लघवी धरून ठेवायला सांगतात. दोन्हींत गोंधळ होतो म्हणून आधीच विचारून घ्या.

एक गोष्ट मला दुसऱ्या खेपेपर्यंत कुणी सांगितली नव्हती. पुढच्या प्रत्येक रिपोर्टवर बाळंतपणाची तारीख थोडी थोडी वेगळी छापून येते, कारण मशीन बाळाच्या त्या दिवशीच्या मापावरून ती काढतं. घरात मग चर्चा, तारीख पुढं गेली की अलीकडं आली? खरं तर कुठंच गेलेली नसते. पहिल्या तीन महिन्यांतल्या स्कॅनिंगवर डॉक्टरांनी जी तारीख कायम केली तीच शेवटपर्यंत धरायची. फाइलच्या पहिल्या पानावर ती मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

तायी कार्ड आणि "एष्टु वार?"

खाजगीत दाखवणार असाल तरी सरकारी नोंद कराच. आशा कार्यकर्तीला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना सांगितलं की तायी कार्ड मिळतं. आपल्या बायका त्याला "ताई कार्ड" म्हणतात. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. लसीकरण, लोहाच्या गोळ्या, अंगणवाडीतलं मातृपूर्णाचं जेवण, या सगळ्यांना हे कार्ड लागतं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११पासून सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या, स्कॅनिंगसुद्धा, मोफत आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते आणि त्या दिवशी मोठे डॉक्टर भेटण्याची शक्यता जास्त. तालुक्याच्या दवाखान्यात स्कॅनिंग रोज होईलच असं नाही. दिवस विचारून मगच गाडी पकडा, नाहीतर बेळगावच्या सिव्हिलपर्यंत हेलपाटा.

कार्ड कन्नडमध्ये असतं. इथं वाढलेल्यांना अडत नाही, पण चंदगड, आजरा, सावंतवाडीकडून लग्न होऊन आलेल्या मुलींची पंचाईत होते. जावेला नर्सनं विचारलं, "एष्टु वार?" ही घाबरून माझ्याकडं बघायला लागली, वारेचं, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटाचं, काही झालं का म्हणून. कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा. किती आठवडे झाले, एवढंच त्या विचारत होत्या. असे चार शब्द पाठ करून ठेवा: तिंगळु म्हणजे महिना, तूक म्हणजे वजन, हेरिगे म्हणजे बाळंतपण, रक्त परीक्षे म्हणजे आपलं रक्त तपासणं.

रक्त आणि लघवी

पहिल्या भेटीत रक्ताची एक मोठी यादी मिळते: हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एच.आय.व्ही., कावीळ बी, सिफिलिस, शिवाय लघवी. एच.आय.व्ही.चं नाव वाचून नवरा-बायकोत भांडण झालेलं मी पाहिलंय. ही तपासणी सगळ्यांचीच होते, कुणावर संशय म्हणून नाही. दोष आधी कळला तर औषधानं बाळ वाचवता येतं.

हिमोग्लोबिन ११च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७च्या खाली म्हणजे फारच गंभीर. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. दोन्हींत तासा-दोन तासांचं अंतर ठेवा, गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चांगली. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी.

साखरेच्या तपासणीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. सरकारी पद्धतीत उपाशी असण्याची अट नाही. आकडा १४० किंवा वर आला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. एकदा पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. पहिली नॉर्मल आली म्हणून दुसरी टाळणाऱ्या खूप असतात. हा मधुमेह पुष्कळदा उशिरा उमटतो. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर सांगा, तपासणी दुसऱ्या दिवशी परत करावी लागते.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर नवऱ्याचाही तपासा. तो पॉझिटिव्ह असेल तर २८ आठवड्यांच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत पुन्हा. गर्भपात झाला तरीही हे इंजेक्शन लागतं का ते विचारायला विसरू नका.

आता आपल्याकडचा जरा नाजूक विषय. मामाच्या मुलीवर पहिला हक्क, ही रीत अजून पुरती गेलेली नाही. नात्यात लग्न झालं असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा. सख्ख्या मामे-आत्ये भावंडांच्या लग्नात बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता सर्वसाधारणपेक्षा साधारण दुप्पट धरतात. म्हणजे शंभरात दोन-तीनऐवजी चार ते सहा. बाकी चौऱ्याण्णव-शहाण्णव बाळं ठीकच असतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही, लपवायचं तर त्याहून नाही. अशा जोडप्यानं थॅलेसेमिया आणि सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी रक्त तपासून घ्यावं. दोघंही थॅलेसेमियाचे वाहक (स्वतःला आजार नाही, पण दोष पुढं देऊ शकणारे) निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. घरात कुणी मतिमंद, बहिरं, जन्मतः हृदयाला छिद्र असलेलं, किंवा लहानपणीच गेलेलं मूल असेल तर तेही सांगा. सासूबाईंना नीट बसून विचारा. अशा गोष्टी त्यांनाच माहीत असतात आणि त्या सहज बोलत नाहीत.

एन.टी. स्कॅन आणि डबल मार्कर

हीच ती मुदतीची तपासणी: ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस. बाळ डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत ४५ ते ८४ मिलिमीटर असतं, तेव्हाच हे माप धरतात. बाळाच्या मानेमागं कातडीखाली थोडं पाणी असतं, त्याची जाडी म्हणजे एन.टी. ती ३.५ मिलिमीटर किंवा जास्त भरली तर पुढच्या तपासण्या लागतात. नाकाचं हाडही बघतात. त्याच सुमारास आईच्या रक्तातले दोन घटक मोजतात, तो डबल मार्कर. एन.टी., डबल मार्कर आणि आईचं वय एकत्र करून संगणक डाउन सिंड्रोमचा (गुणसूत्रातल्या दोषामुळं बाळाची बुद्धी आणि वाढ मंदावते, त्याचा) धोका काढतो. अशी एकत्र तपासणी शंभरातली ८५ ते ९० डाउनची बाळं हेरते, आणि चांगल्या बाळांपैकीही शंभरात पाचांच्या आयांना उगाच "धोका जास्त" असं सांगते. ही दोन्ही वाक्यं लक्षात ठेवूनच रिपोर्ट उघडा.

रिपोर्टवर १:२५० असा आकडा येतो. बऱ्याच लॅब तिथंच रेषा मारतात; दुसरा आकडा २५०हून लहान आला की धोका जास्त धरतात. १:२०० म्हणजे तुमच्यासारखे आकडे आलेल्या दोनशे बायकांत एकीच्या बाळाला डाउन असू शकतं, बाकीच्या १९९ जणींच्या बाळांना नाही. लॅब मात्र तो आकडा लाल अक्षरात छापते, आणि लाल अक्षर बघून घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरते. ही चाळणी आहे. गव्हाबरोबर खडाही वर राहिला म्हणून सगळं सूप खड्याचं होत नाही.

जावेच्या वेळी आमच्यावर हे गुदरलं. रिपोर्ट लाल आला, ती दोन दिवस जेवली नाही. मग कागद नीट वाचला तेव्हा दिसलं की जन्मतारीख १ जून घातलीय. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जूनच, शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावून दिलेली. तिला लवकर शाळेत घालायचं म्हणून जवळजवळ तीन वर्षांनी मोठी केली होती, आणि आधारवर तेच उतरलं. डाउनचा धोका आईच्या वयावर फार अवलंबून असतो: विशीत साधारण १५०० मागे एक, पस्तिशीला साडेतीनशे मागे एक, चाळिशीला शंभरामागे एक. खरं वय, खरं वजन घालून लॅबनं पुन्हा हिशेब केला आणि आकडा रेषेच्या आत आला. म्हणून रक्त देताना फॉर्मवरच्या या गोष्टी स्वतः वाचा: खरं वय (कागदावरचं वेगळं असेल तर तोंडी सांगा), त्या दिवशीचं वजन, स्कॅनिंगवरची बाळाची मापं, जुळं आहे का, मधुमेह आहे का, टेस्ट ट्यूबचं गरोदरपण आहे का.

खरोखरच धोका जास्त आला तर पुढं दोन वाटा. एक म्हणजे एन.आय.पी.टी. आईच्या रक्तात बाळाचे डी.एन.ए.चे तुकडे फिरत असतात, ते तपासतात. दहाव्या आठवड्यापासून करता येते, डाउनसाठी ९९ टक्क्यांच्या वर पकड आहे, बाळाला धोका नाही. पण महाग आहे आणि तीही शेवटी चाळणीच. खात्रीचं उत्तर दुसऱ्या वाटेनं मिळतं: ११ ते १४ आठवड्यांत वारेचा तुकडा, किंवा १५ आठवड्यांनंतर सुईनं गर्भजल काढून गुणसूत्रं तपासणं. त्यात गर्भपाताचा धोका असतो, तरबेज हातात शंभरात एकापेक्षा कमी. हे कुठंही करू नका. जिथं फीटल मेडिसिनचे, म्हणजे पोटातल्या बाळाच्या आजारांचे, तज्ज्ञ आहेत तिथंच करा. या सुईच्या तपासणीआधी तुमची लेखी संमती तुम्हाला समजणाऱ्या भाषेत घेतली पाहिजे आणि तिची प्रत तुम्हाला दिली पाहिजे, असं कायद्यात लिहिलंय. आपल्या भागात हे महत्त्वाचं आहे. इंग्रजी किंवा कन्नड फॉर्म पुढं केला आणि कळत नसेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका.

डबल मार्करची मुदत गेली असेल तर १५ ते २० आठवड्यांत क्वाड्रुपल मार्कर करता येतो. पकड थोडी कमी, पण काहीच न करण्यापेक्षा बरा.

याच भेटीत रक्तदाबाबद्दलही विचारा. पहिलटकरीण, जुळं, आधीच्या खेपेला रक्तदाब, असं काही असेल तर डॉक्टर कमी मात्रेची अॅस्पिरिन सुरू करू शकतात, आणि ती लवकर सुरू केली तरच उपयोगाची. याबाबतचा एक मोठा अभ्यास सहा देशांतल्या जवळजवळ १२ हजार पहिलटकरणींवर झाला आणि २०२०मध्ये छापून आला. त्यात बेळगावच्या बायकाही होत्या. दिवस पुरे होण्याआधीच होणारी बाळंतपणं गोळी घेणाऱ्यांत कमी दिसली. मात्र दुकानातून स्वतःच आणून खायची ही गोळी नव्हे.

पाचव्या महिन्याचं स्कॅनिंग

१८ ते २० आठवड्यांचं हे स्कॅनिंग सगळ्यात सविस्तर असतं. डोकं, मेंदू, ओठ, मणका, हृदयाचे चार कप्पे, जठर, मूत्रपिंडं, हातपाय, वार, गर्भजल, सगळं एकेक करून बघतात. अर्धा तास सहज लागतो. बाळ पालथं असेल तर जरा फिरून, काही खाऊन यायला सांगतात. डॉक्टर गप्प आहेत म्हणजे काही वाईट आहे असं नव्हे, ते मापं घेत असतात. सोबतच्या माणसानं मध्ये मध्ये "सगळं बरं आहे ना?" विचारू नये.

हे पुढं ढकलू नका म्हणण्याला कायद्याचंही कारण आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोघांचं लागतं आणि तेही ठरावीक कारणांसाठी. २४च्या पुढं बाळात मोठा दोष असेल तरच, मेडिकल बोर्डाच्या परवानगीनं. दोष २३व्या आठवड्यात कळला तर दुसरं मत घ्यायला, विचार करायला, घरच्यांशी बोलायला दिवसच उरत नाहीत. आणि दोष म्हणजे लगेच गर्भपात असंही नाही. कितीतरी दोषांवर जन्मानंतर शस्त्रक्रिया होते. आधी कळलं तर बाळंतपण कुठं करायचं ते ठरवता येतं.

या रिपोर्टमधली काही वाक्यं बायकांना विनाकारण रडवतात. "वार खाली आहे" हे पाचव्या महिन्यात पुष्कळदा दिसतं, आणि गर्भाशय वाढेल तशी बहुतेकींची वार वर सरकते. ३२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा बघतात. तोवर रक्त गेलं तर मात्र ताबडतोब दवाखाना. "हृदयात पांढरा ठिपका" एकटाच असेल आणि आधीच्या तपासण्या ठीक असतील तर बहुधा काही नसतं. "नाळेचा वेढा" चार बाळांत जवळजवळ एकाला असतोच. तेवढ्या कारणावर सिझर ठरवत असतील तर कारण विचारा.

स्कॅनिंग चांगलं आलं म्हणजे सगळं कळलं असंही नाही. बुद्धी, ऐकणं, स्वमग्नता यांतलं त्यात काही दिसत नाही, आणि काही हृदयदोषही सुटतात. घरात हृदयदोष असेल किंवा आईला आधीपासून मधुमेह असेल तर बाळाच्या हृदयाचा वेगळा इको, म्हणजे फक्त हृदयाचं स्कॅनिंग, सांगतात.

सातव्यानंतर

पुढची स्कॅनिंगं वाढीची, साधारण २८ ते ३६ आठवड्यांमध्ये, गरजेप्रमाणे. बाळाचं वजन हा अंदाज असतो, १०-१५ टक्के इकडंतिकडं धरूनच चला. जास्तीची स्कॅनिंगं करून बाळ भाजतं, अशी एक समजूत आहे. यात एक्स-रेसारखे किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात. तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हौसेनं करू नये. रक्तदाब १४०/९०च्या वर, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडावर सूज, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यांतलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता १०८.

ते एक विचारू नका

स्कॅनिंगआधी एक फॉर्म भरतात, ओळखपत्र मागतात, बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही अशी सही घेतात. १९९४च्या कायद्यानं ते विचारणं, सांगणं, दोन्ही गुन्हा आहे. विचारणाऱ्या नातेवाइकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गरोदर बाईवर दबाव होता असं कायदा धरून चालतो. एन.आय.पी.टी.च्या रिपोर्टवरही लिंग छापत नाहीत. "पलीकडं महाराष्ट्रात" किंवा "अलीकडं कर्नाटकात" सांगतात, अशी कुजबुज दोन्ही बाजूंना असते. कायदा दोन्हीकडं एकच. ठोके १४०च्या वर म्हणजे मुलगी, हेही बंडल. ११० ते १६० दोघांचेही असतात.

माहेरची पिशवी

ओटीभरण झालं की पहिलटकरीण माहेरी जाते. इकडं सासर खानापूर आणि माहेर चंदगड किंवा गडहिंग्लज असेल तर राज्य बदलतं, डॉक्टर बदलतात, कार्ड बदलतं. तिकडच्या आरोग्य केंद्रात गेल्या गेल्या नाव घाला आणि इकडच्या आशाला तसं कळवा. बाळंतपणाची रक्कम, जन्मदाखला कुठं मिळणार, ते दोन्हीकडं विचारून ठेवा. जन्माची नोंद जिथं बाळ जन्मलं तिथंच होते, सासरच्या गावी नाही.

पिशवीत साड्यांच्या वर फाइल ठेवा. पहिल्या पानावर पाळीची तारीख, कायम केलेली बाळंतपणाची तारीख, रक्तगट. मग पहिल्या तीन महिन्यांतलं स्कॅनिंग, मार्करचा रिपोर्ट, पाचव्या महिन्याचं स्कॅनिंग, साखरेचे दोन्ही आकडे, हिमोग्लोबिनचे सगळे आकडे, अँटी-डी घेतलं असेल तर त्याची तारीख, धनुर्वाताच्या लसीची नोंद, तायी कार्ड, आधार, रेशन कार्डची झेरॉक्स. स्कॅनिंगचा कागद उन्हात आणि गरम जागी काळा पडतो, म्हणून प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो नवऱ्याच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा. कन्नड कार्डावर जिथं जिथं आकडे आहेत तिथं शेजारी पेन्सिलीनं मराठीत लिहा. पलीकडच्या नर्सबाईंना कन्नड येत नाही.